लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं निवडताय, सुचवताय? मग या चुका टाळा

"अगं तीन वर्षांचा झालाय, एखादं छान चित्रांचं पुस्तक सुचव ना." असा मेसेज मला महिन्यातून तीनचार वेळा तरी येतो आणि मी बरीच वर्षं मनापासून पुस्तकं सुचवतेय. सुरुवातीला मी फक्त नाव सांगून मोकळी व्हायचे, मग महिन्याभराने विचारलं की उत्तर यायचं, "बघतच नाही गं तो." पुस्तक तर चांगलं होतं, मग झालं काय? म्हणून मी जमेल तेव्हा त्यांच्याकडे जाऊन शेजारी बसून बघायला लागले की पुस्तक नक्की वाचलं कसं जातंय, आणि हळूहळू लक्षात आलं की घोळ बहुतेक वेळा पुस्तकात नसतो आणि मुलात तर नसतोच. आपण मोठी माणसं शब्द बघत असतो आणि मूल चित्र बघत असतं, सगळं तिथेच अडतं.

शब्द वाचून पुस्तक निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. आपण पुस्तक हातात घेतो, भराभर ओळी वाचतो, दोन मिनिटांत संपतं आणि मग वाटतं, एवढंच? पानावर एक ओळ? आणि ठेवून देतो. पण ज्याच्यासाठी घ्यायचंय तो त्या ओळीकडे बघणारच नाहीये. २००५ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी गोष्ट ऐकताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर कुठे असते ते यंत्राने टिपलं होतं, तर मुलं जवळजवळ पूर्ण वेळ चित्रांकडेच बघत होती, अक्षरांकडे अगदी क्वचित. म्हणजे तुम्ही वाचत असता तेव्हा मूल कानाने तुमचं ऐकत असतं आणि डोळ्यांनी स्वतःचं वाचत असतं.

चांगल्या चित्रपुस्तकात या दोन गोष्टी सारख्या नसतात. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक' घ्या, अख्ख्या पुस्तकात इंग्रजीतलं एकच वाक्य आहे, बत्तीस शब्दांचं, एक कोंबडी फिरायला निघते आणि घरी परत येते, बस. पण चित्रात तिच्या मागे मागे एक कोल्हा आहे आणि शब्दांत त्या कोल्ह्याचा उल्लेखच नाही! फक्त ओळी वाचणाऱ्याला हे पुस्तक रिकामं वाटेल. मांडीवरचं मूल मात्र कोंबडीला ओरडून सांगत असतं, मागे बघ, मागे बघ. ऐकणाऱ्याला जे माहीत आहे ते वाचणाऱ्याला 'माहीत नाही', ही मजा त्या वयाच्या मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार.

म्हणून मी सगळ्यांना एकच टेस्ट सांगते. ओळींवर हात ठेवा आणि फक्त चित्रं बघत शेवटपर्यंत जा. काहीतरी घडताना दिसलं, एखाद्या पानावर थांबावंसं वाटलं, कोपऱ्यात काहीतरी सापडलं, तर घ्या. आणि उलट, ओळींमध्ये "मांजर लाल चटईवर बसली" आणि चित्रातही मांजर लाल चटईवर बसलेली, बाकी काहीच नाही, तर ते पुस्तक मूल एकदा बघेल, परत मागणार नाही.

माझी भाची अडीच वर्षांची असताना पावसाच्या गोष्टीचं एक पुस्तक आम्ही रोज वाचायचो. विसाव्या वेळी तिने माझा हात बाजूला केला, माझा अंगठा पानाच्या खालच्या कोपऱ्यावर होता, आणि त्याखाली एक गोगलगाय होती. मग तिने मागचं पान उलटलं, तिथेही गोगलगाय, थोडी मागे. त्याच्या मागच्या पानावर अजून मागे. ती इतके दिवस त्या गोगलगायीचीच गोष्ट बघत होती आणि मी दर वेळी तिच्यावर अंगठा ठेवत होते.

घाईघाईने पान उलटणं

बरीचशी चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदावर एकदम ८ किंवा १६ पानं छापून त्याला घड्या घालतात आणि तो हिशोब ३२ ला नीट बसतो. या मोजक्या पानांत चित्रकार पान उलटण्याची जागा फार विचार करून ठरवतो. उजव्या पानावर दार अर्धवट उघडं दिसतं, आत कोण आहे ते पुढच्या पानावर. तिथे थांबायचं! मूल बोटाने कागदाची कड धरतं, श्वास रोखतं, तो क्षण त्याचा आहे आणि पान पण त्यालाच उलटू द्या. आपण मात्र ओळ संपली की पान फिरवतो.

याचमुळे मोबाईलवर पीडीएफ दाखवणं मला पटत नाही, दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं, बोटाने झूम करत बसावं लागतं आणि पुढे काय आहे ती उत्सुकता स्क्रोलमध्ये निघून जाते. प्रवासात वगैरे चालेल, पण रोजची सवय नको.

आणि कव्हर उघडल्यावरचं आतलं पान सोडू नका. कितीतरी वेळा गोष्ट तिथेच सुरू झालेली असते.

परीक्षा घेणं

"हे काय? हा रंग कुठला? किती बदकं आहेत, मोज बघू." पाच प्रश्नांनंतर मूल उठून जातं आणि आपण म्हणतो याला पुस्तकं आवडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे शेवटचा प्रश्न, "मग यातून काय शिकलास?" चांगली गोष्ट ऐकल्यावर मनात जे रेंगाळत असतं ते या एका प्रश्नाने पुसलं जातं, कृपा करून हा प्रश्न विचारू नका.

प्रश्न विचारूच नयेत असं नाही हं. अमेरिकेत १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवलं होतं, म्हणजे हो-नाहीत संपणारे प्रश्न कमी करायचे, मोकळे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून तेच परत म्हणायचं. त्या मुलांची बोलण्याची भाषा बाकीच्या मुलांपेक्षा पुढे गेली. घरात करायचं तर सोपं आहे. मूल म्हणालं "भू भू", तर आपण म्हणायचं, "हो, भू भू टेबलाखाली लपलाय, का लपला असेल रे?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. मनात सावकाश पाच आकडे मोजा, उत्तर येतं, आणि नाही आलं तरी बिघडत नाही, पुढे जा.

"इतकं लहान बाळ, त्याला काय कळतंय"

जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, आणि काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरक असेल तर नजर तिथे ठरते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून पुस्तक तेवढंच लांब असतं, त्यामुळे ठळक, मोठ्या आकारांची पुस्तकं अगदी पहिल्या महिन्यापासून चालतात. फिकट गुलाबी, धूसर, नाजूक रेघांची पुस्तकं आपल्याला गोड वाटतात पण ती आपल्यासाठी असतात.

नऊ महिन्यांच्या आसपास एक गंमत दिसते, बाळ चित्रातला चमचा चिमटीत उचलायला बघतं, पान खरवडतं. जुडी डीलोश यांच्या १९९८ च्या अभ्यासात हेच दिसलं होतं, आणि एकोणीस महिन्यांची मुलं मात्र तसं न करता चित्राकडे बोट दाखवत होती. मधल्या त्या महिन्यांत चित्र ही वस्तू नाही, वस्तूचं चित्र आहे, हे त्याला कळत जातं. तेव्हा ते पुस्तक चावतंय, आपटतंय, खरवडतंय म्हणून काढून घेऊ नका, जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची बोर्ड बुक द्या. फाडलं तर ओरडण्यापेक्षा त्याच्यासमोर सेलोटेप लावा, त्याला टेपचं टोक धरायला द्या.

खिडक्या उघडणारी, ओढायची, आवाज करणारी पुस्तकं द्यावीत का, हे खूप जण विचारतात. एखाददुसरं जरूर असावं, खेळ म्हणून मस्त आहे. पण सगळीच तशी नकोत, २०१० च्या एका प्रयोगात अशा पुस्तकातून लहान मुलं प्राण्यांची नावं साध्या पुस्तकापेक्षा कमी शिकली, लक्ष सगळं ओढण्या-उघडण्यात जातं.

आणि दुसऱ्या टोकाची चूक, मूल स्वतः वाचायला लागलं की "आता मोठा झालास, चित्रांचं कशाला" म्हणून सगळी पुस्तकं कपाटावर. असं करू नका हो! सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच चित्रांत तीन वर्षांचा असताना न दिसलेलं दिसतं, आणि अडखळत अक्षरं लावताना चित्रच त्याला हात देतं.

या अडचणी तर येणारच

तेच पुस्तक रोज? वाचा. २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना तेच नवे शब्द असलेल्या वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, नवे शब्द जास्त लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. तुम्हाला कंटाळा आला असेल तर ओळी सोडा आणि आज फक्त चित्रात मागे दिसणाऱ्या मांजराची गोष्ट सांगा.

बसत नाही, फिरत राहतं? फिरू द्या, तुम्ही वाचत राहा, कान इथेच असतात. पानं पुढे पळवतं? त्याला हवं असलेलं पान शोधतंय, त्या पानावरच वाचा. एखाद्या चित्राला घाबरलं तर "घाबरतोस काय" न म्हणता पुस्तक मिटून त्याच्याच हाती द्या, उघडायचं कधी ते तो ठरवेल, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांनी तेच पान मागायला येतो.

आणि सुचवणाऱ्यांसाठी

फक्त वय विचारून पुस्तक सुचवू नका. मी आता तीन गोष्टी विचारते: हल्ली तो कशाकडे टक लावून बघत बसतो, त्याला वाचून कोण दाखवणार, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी. वीस नावांची लिस्ट पाठवली तर कोणी एकही घेत नाही, एक किंवा दोनच सांगा. अवॉर्ड मिळालंय म्हणून सांगू नका, तुम्ही स्वतः चित्रांसकट बघितलेलं असेल तरच सांगा.

वाचून कोण दाखवणार, हा प्रश्न मी एका मैत्रिणीमुळे विचारायला लागले. तिचा मुलगा दिवसभर आजोबांजवळ असायचा, आजोबांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षरं लागायची नाहीत आणि मी आपली भरपूर मजकुराची पुस्तकं सुचवत होते. शेवटी एक बिनशब्दांचं दिलं, नुसती मोठी चित्रं. पुढच्या वेळी गेले तर दोघं खिडकीशी बसलेले, आजोबा म्हणत होते, "मग तो माणूस होडीतून उतरला," आणि नातू त्यांच्या हातावर चापटी मारून सांगत होता, "नाही आबा, काल तो पोहत आला होता."