कॉलेज सॉफ्टबॉलचे विक्रम नोंदवताना या चुका टाळा

टेक्सास विद्यापीठाची डावखुरी पिचर (चेंडू टाकणारी खेळाडू) कॅट ऑस्टरमन हिने आपल्या कॉलेज कारकिर्दीत २,२६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे) नोंदवले आणि दर सात इनिंगमागे तिचे प्रमाण १४.३४ इतके पडले. हीच आकडेमोड घरी स्प्रेडशीटवर करून पाहणाऱ्याला मात्र उत्तर १४.३५ मिळते आणि अधिकृत नोंदच चुकली आहे, असा त्याचा समज होतो. नोंद बरोबर आहे. चूक आहे ती इनिंगचा आकडा वाचण्यात. तिच्या नावावर ११०५.२ इनिंग आहेत आणि एक इनिंग तीन आउटची असल्याने त्यातील ‘.२’ हा दशांश नसून ‘तीनपैकी दोन आउट’ असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे भागायचे ते अकराशे पाच पूर्णांक दोन तृतीयांशाने.

खरे तर क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाकडून ही चूक व्हायला नको. ५.२ षटके म्हणजे पाच षटके आणि दोन चेंडू, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पण तोच वाचक अमेरिकेतील कॉलेज सॉफ्टबॉलच्या आकडेवारीसमोर बसला की टिंबाला निमूटपणे दशांशचिन्ह मानतो. बेरजेत ही चूक अधिक ठळकपणे दिसते. एखाद्या पिचरने तीन सामन्यांत अनुक्रमे ५.२, ६.१ आणि ४.२ इनिंग टाकल्या असतील, तर स्प्रेडशीट १५.५ असे उत्तर देईल. बरोबर उत्तर १६.२ आहे. इनिंगच्या रकान्यात टिंबानंतर ०, १ आणि २ यांखेरीज चौथा अंक संभवतच नाही, त्यामुळे तेथे ३ ते ९ पैकी कोणताही अंक दिसला की ती बेरीज यंत्राने केली आहे आणि माणसाने तपासलेली नाही, हे खुशाल गृहीत धरावे. यावरचा सोपा उपाय म्हणजे इनिंगऐवजी आउट नोंदवणे: १७, १९ आणि १४ मिळून ५० आउट, त्यांना शेवटी तिनाने भागले की झाले.

सात की नऊ?

पिचरच्या ईआरएमध्ये, म्हणजे अर्न्ड रन ॲव्हरेजमध्ये (क्षेत्ररक्षकांच्या चुकीविना दिलेल्या धावांचे दर सामन्यामागचे प्रमाण), दुसरी चूक दडलेली असते. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असल्याने तेथे अर्न्ड रनना नवाने गुणतात, तर सॉफ्टबॉलचा सामना सात इनिंगचा असल्याने येथे साताने गुणावे लागते. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक तयार सूत्रे बेसबॉलची असतात आणि ती उचलणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. समजा, ५.२ इनिंगमध्ये दोन अर्न्ड रन दिल्या गेल्या. दोन गुणिले सात भागिले पाच पूर्णांक दोन तृतीयांश म्हणजे २.४७ हा खरा ईआरए होतो. दशांशाची चूक केली तर तो २.६९ होतो आणि नवाने गुणले तर ३.१८. एकाच पिचरच्या एकाच दिवसाच्या कामगिरीचे असे तीन आकडे फिरू लागले की वाद पिचरच्या गुणवत्तेवर होतो, सूत्राकडे कोणी पाहत नाही.

बॅटर किती वेळा आली आणि किती वेळा मोजली गेली

आपल्याकडे ‘सरासरी’ या शब्दाला क्रिकेटमुळे एक ठरलेला अर्थ चिकटला आहे: एकूण धावा भागिले बाद होण्याची संख्या. सॉफ्टबॉलच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये धावांचा काही संबंध नाही. हिट (आपल्याच फटक्यावर बेस गाठणे) भागिले ॲट-बॅट एवढाच हा हिशेब असून त्यातील ॲट-बॅट ही संख्या बॅटर प्लेटवर येण्याच्या एकूण संख्येपेक्षा बहुधा कमी असते, कारण वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), अंगाला चेंडू लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन रनरला पुढे नेणारा हलका टोला) आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही रनरला धाव मिळवून देणारा उंच फटका) या खेपा तिच्यात धरल्या जात नाहीत.

एक सामना डोळ्यांसमोर आणावा. बॅटर पाच वेळा प्लेटवर आली. पहिल्यांदा तिला वॉक मिळाला, दुसऱ्यांदा तिने सॅक्रिफाइस बंट करून पुढच्या रनरला दुसऱ्या बेसवर पोहोचवले, तिसऱ्यांदा सिंगल हिट मारली, चौथ्यांदा शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू सुटल्यामुळे ती पहिल्या बेसवर पोहोचली आणि पाचव्यांदा स्ट्राइकआउट झाली. येथे ॲट-बॅट तीन आणि हिट एक, म्हणून ॲव्हरेज ०.३३३. पाचही खेपा मोजणारा माणूस ०.२०० लिहितो आणि एररवर, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकीवर, मिळालेला बेस हिटमध्ये धरणारा ०.६६७ लिहितो. या दुसऱ्या प्रकारची चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण पहिली गणिताची आहे, तर दुसरीत स्कोअररचा निर्णयच डावलला जातो. एररवर बेस मिळाला की ॲट-बॅट वाढतो आणि हिट वाढत नाही, म्हणजे बेसवर पोहोचूनही बॅटरचे ॲव्हरेज उतरते. नव्या वाचकाला हे अन्यायाचे वाटेल, पण नियम तसाच आहे.

ऑन-बेस टक्केवारीतही हाच घोळ होतो. हिट, वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू यांची बेरीज वर घ्यावी, तर खाली ॲट-बॅट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज घ्यावी. सॅक्रिफाइस बंट खाली येत नाही आणि एरर वर येत नाही. आपल्या बॅटरचे उत्तर म्हणून दोन भागिले चार, म्हणजे ०.५०० असे येते. ती पाचपैकी तीन वेळा बेसवर पोहोचलेली आपण डोळ्यांनी पाहिली असली, तरी तेथे ०.६०० लिहिणे चूकच ठरते.

कारकिर्दीचे ॲव्हरेज काढताना प्रत्येक हंगामाच्या ॲव्हरेजांची पुन्हा सरासरी काढू नये. एका हंगामात २० पैकी १२ हिट आणि दुसऱ्या हंगामात १५० पैकी ४५ हिट असतील, तर ०.६०० आणि ०.३०० यांची सरासरी ०.४५० येते, पण खरे ॲव्हरेज ५७ भागिले १७०, म्हणजे ०.३३५ असते. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये हंगाम अर्ध्यावर थांबला असल्याने त्या काळातील खेळाडूंच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते.

विक्रमाला त्याच्या अटींपासून तोडणे

त्याच थांबलेल्या हंगामाने आणखी एक प्रश्न निर्माण केला. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या लॉरेन चेंबरलेनने २०१५ मध्ये आपली कारकीर्द ९५ होमरनवर (एकाच फटक्यावर चारही बेस पार करणे) संपवली आणि यूसीएलएच्या स्टेसी नुव्हमनचा ९० होमरनचा विक्रम मागे टाकला. पुढे ओक्लाहोमाच्याच जोसलिन आलो हिने ११ मार्च २०२२ रोजी हवाईत, म्हणजे आपल्या जन्मभूमीत, ९६ वी होमरन मारली आणि हंगामाच्या अखेरीस तिची संख्या १२२ वर पोहोचली. आता ‘आलोने पाच हंगाम खेळून विक्रम मोडला’ असे लिहून विषय संपवणारे अनेक जण आढळतात आणि ‘पाच’ हा शब्द मुळीच न लिहिणारेही आढळतात. दोन्ही लेखन अपुरे आहे. तिचे हंगामनिहाय आकडे ३०, १६, ८, ३४ आणि ३४ असे आहेत. यांतील ८ हा तुटलेल्या २०२० चा आकडा असून त्याबदल्यात सर्वांनाच खेळण्याचे एक जादा वर्ष मिळाले होते. पहिले चार हंगाम धरले तर ८८ भरतात, म्हणजे चेंबरलेन पुढे राहते. तुटका हंगाम वगळून चार पूर्ण हंगाम धरले तर ११४ भरतात, म्हणजे आलो पुढे जाते. माझ्या मते दुसरी तुलना अधिक न्याय्य आहे, पण लेखकाने पाचही आकडे वाचकासमोर ठेवावेत आणि निवाडा त्याच्यावर सोडावा.

पिचरच्या बाबतीत एकूण संख्या आणि प्रमाण यांची गल्लत होते. टेनेसीच्या मोनिका ॲबटने २००४ ते २००७ या चार हंगामांत १८९ विजय, ११२ शटआउट (प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देणे) आणि २,४४० स्ट्राइकआउट नोंदवले. एकूण संख्येत ती ऑस्टरमनच्या पुढे आहे. परंतु ॲबटने १,४४८ इनिंग टाकल्या होत्या आणि दर सात इनिंगमागे तिचे प्रमाण ११.८० येते, तर ऑस्टरमनचे १४.३४. दोघींपैकी कोणाही एकीला नुसते ‘सर्वांत मोठी स्ट्राइकआउट पिचर’ म्हणणे म्हणजे अर्धेच वाक्य लिहिणे होय. ऑस्टरमनच्या नोंदीत २००२ ते २००६ असे वर्ष दिसले म्हणून पाच हंगाम मोजू नयेत, कारण ऑलिंपिकच्या वर्षी, २००४ मध्ये, ती कॉलेजसाठी खेळली नव्हती.

सलग विजयांच्या बाबतीत तर एकाच संघाचे दोन आकडे एकाच वेळी खरे असतात. ओक्लाहोमाने २०२३ चा हंगाम ६१ विजय आणि १ पराभव असा संपवला. फेब्रुवारीत झालेल्या त्या एकमेव पराभवानंतर विजेतेपदापर्यंत सलग ५३ विजय मिळवताना संघाने ॲरिझोनाची ४७ विजयांची जुनी मालिका ओलांडली. हीच मालिका पुढच्या हंगामात चालू राहिली आणि ३ मार्च २०२४ रोजी लुइझियानाने ७–५ असे हरवले तेव्हा ती ७१ वर थांबली. एका हंगामातील मालिका ५३ विजयांची आणि दोन हंगामांत पसरलेली मालिका ७१ विजयांची, असे स्पष्ट लिहावे. ॲरिझोनाच्या जेनी फिंचचे सलग ६० विजय हे पिचरच्या वैयक्तिक खात्यावरचे आहेत, संघाच्या नव्हेत. ते या रांगेत आणून बसवणे ही निराळीच चूक आहे.

प्रशिक्षकांच्या विजयसंख्येतही कोणत्या संस्थेचे विजय धरले आहेत, ते पाहावे लागते. मिशिगनच्या कॅरोल हचिन्स यांच्या १,७०७ विजयांत फेरिस स्टेटमधील त्यांच्या एका हंगामाचे विजय समाविष्ट आहेत, तर ॲरिझोनाच्या माइक कँड्रिया यांच्या १,६७४ विजयांत त्यांनी त्याआधी ज्युनिअर कॉलेजात मिळवलेले विजय धरलेले नाहीत.

काळ बदलला तर आकड्याचे वजनही बदलते. १९८८ मध्ये पिचिंगचे अंतर ४० फुटांवरून ४३ फूट करण्यात आले आणि १९९३ मध्ये पांढऱ्या चेंडूच्या जागी पिवळा चेंडू आला. १९८० च्या दशकातील अविश्वसनीय वाटणारे ईआरए आणि ॲरिझोनाच्या लॉरा एस्पिनोझाच्या १९९५ मधील ३७ होमरन यांच्या मध्ये हे दोन बदल उभे आहेत. ‘सर्वकालीन’ हा शब्द लिहिण्यापूर्वी विक्रम कोणत्या हंगामाअखेरपर्यंतचा आणि एनसीएएच्या (अमेरिकेतील कॉलेज क्रीडा संघटनेच्या) कोणत्या विभागातला आहे, हे जोडले नाही तर तो शब्द वर्षभरातच खोटा ठरू शकतो.

विजेतेपदे आणि नावे

यूसीएलएची विजेतेपदे किती, या साध्या प्रश्नाची बारा, तेरा आणि चौदा अशी तीन उत्तरे सापडतात. एनसीएएची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून यूसीएलएने मैदानावर तेरा वेळा अंतिम विजय मिळवला, परंतु शिष्यवृत्तीच्या नियमांचा भंग झाल्याने १९९५ चे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि अधिकृत संख्या बारा उरली. १९७८ मध्ये, एनसीएएच्या आधी महिलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या एआयएडब्ल्यू या संघटनेच्या काळात, मिळवलेले विजेतेपद काही जण बारामध्ये मिळवून तेरा करतात, तर काही जण मैदानावरच्या तेरामध्ये मिळवून चौदा. म्हणजे दोन लेखांत ‘तेरा’ हाच आकडा असला तरी त्यामागची यादी निराळी असू शकते. जाता जाता, १९९५ च्या त्या अंतिम फेरीत गाजलेली यूसीएलएची ऑस्ट्रेलियन पिचर टान्या हार्डिंग आणि त्याच काळात वादात सापडलेली अमेरिकन स्केटर टोन्या हार्डिंग या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. देवनागरीत ही नावे इतकी जवळ येतात की छायाचित्र निवडताना दोनदा पाहावे.

मराठीत लिहिताना ‘विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज’चे भाषांतर ‘विश्वचषक’ असे करू नये. ती अमेरिकेतील कॉलेजांची आठ संघांची अंतिम फेरी आहे. ती १९९० पासून, १९९६ चा अपवाद वगळता, ओक्लाहोमा सिटीत भरते, म्हणून ‘ओक्लाहोमात जिंकले’ आणि ‘ओक्लाहोमा जिंकले’ ही वाक्ये वेगळी ठेवावीत. २०२५ च्या अंतिम लढतीत टेक्सासने टेक्सास टेकला हरवले. त्या बातमीत ‘टेक’ हा शब्द गळला, तर संघाने स्वतःलाच हरवले असा अर्थ होतो. खेळाडूंची विवाहानंतरची नावेही तपासावीत: ३२८ आरबीआयची (आपल्या बॅटिंगने घडवून आणलेल्या धावांची) नोंद असलेली जेनी डाल्टन आणि जेनी डाल्टन-हिल ही एकच व्यक्ती आहे.

आकडे जुळत नसतील तर

आपल्याकडच्या शालेय किंवा आंतरविद्यापीठ सामन्याच्या स्कोअरशीटलाही लागू पडणारा एक जुना ताळा आहे. एका संघाचे ॲट-बॅट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू, सॅक्रिफाइस बंट आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज ही त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेल्या रनर आणि प्रतिस्पर्ध्यांचे पुटआउट (क्षेत्ररक्षण करताना त्यांनी घेतलेले आउट) यांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. पाहुण्या संघाने सातही इनिंग बॅटिंग केली, ४ धावा केल्या आणि त्यांच्या ६ रनर बेसवर राहिल्या, तर ४, ६ आणि २१ मिळून ३१ होतात. दुसऱ्या बाजूला २६ ॲट-बॅट, ३ वॉक, १ अंगाला लागलेला चेंडू आणि १ सॅक्रिफाइस बंट मिळून ३१ भरले, तर स्कोअरशीट बंद करायला हरकत नाही. यजमान संघ आघाडीवर असल्यामुळे त्यांना सातव्या इनिंगमध्ये बॅटिंग करावीच लागली नसेल, तर २१ ऐवजी १८ पुटआउट धरावेत आणि आठ धावांच्या आघाडीमुळे सामना पूर्ण पाच इनिंगमध्ये संपला असेल तर १५.

बेरीज एकाने कमी आली, तर मी प्रथम सॅक्रिफाइस बंटच्या खुणा पाहतो, कारण घाईत स्कोअरर त्या खेपेला साधा आउट मानून बंटची नोंद विसरतो आणि नंतर बॉक्स स्कोअर उतरवताना तो ॲट-बॅटमध्येही धरला जात नाही. बंट सापडला नाही तर बेसवर राहिलेल्या रनर पुन्हा मोजतो. तिसऱ्या आउटच्या वेळी जिच्यावर फोर्स झाला (बॅटरसाठी बेस सोडणे भाग पडून जी पुढच्या बेसवर बाद झाली) ती रनर स्वतःच आउट असते, पण तिच्या जागी पहिल्या बेसवर पोहोचलेली बॅटर मात्र बेसवर राहिलेली धरली जाते. एकाचा फरक बहुतेक वेळा तेथेच सापडतो.