मैत्री भावना करताना या चुका टाळा

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, लागला की वाडीतल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर मैत्री भावनेला, म्हणजे स्वतःपासून वैऱ्यापर्यंत सगळ्यांचं भलं चिंतायच्या ध्यानाला, थांबणारे वाढतात. आणि थोड्याच दिवसांत तक्रार कानावर येते: "मैत्री भावनेला बसलं की राग कमी व्हायचा सोडून वाढतोच!" अशा वेळी साधनेला बोल लावू नका. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो.

थेट भावकीपासून सुरुवात

कोकणात वैरी म्हटलं की आधी भावकीच डोळ्यांपुढे येते. सामायिक सातबारा, डझनभर हिस्सेदार, बांधावरच्या फणसावरून पेटलेला वाद, तालुक्याच्या कोर्टात पडून असलेली केस. नवखा साधक उत्साहात त्या चुलतभावालाच समोर आणतो आणि 'तो सुखी होवो' म्हणतो. दोन मिनिटांत मनात मोजणीचा नकाशा उघडलेला असतो, वकिलाची फीसुद्धा आठवते.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या साधनेवरच्या पाली ग्रंथात क्रम स्पष्ट सांगितलाय: आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग अतिशय जिवलग, मग तटस्थ आणि सगळ्यात शेवटी वैरी. स्वतःपासून सुरुवात करणं अनेकांना स्वार्थीपणाचं वाटतं, म्हणून ते ती पायरी गाळतात. गाळू नका. 'मला सुख हवं, तसंच त्यालाही' हे पुढचं सगळं तिथूनच उभं राहतं. तटस्थ म्हणून एसटीचा कंडक्टर चालेल, दारावर येणारी मासेवालीही चालेल; मासळीच्या भावावरून तिच्याशी कालच वाजलं असेल तर मात्र दुसरं कोणी शोधा.

गेलेल्या माणसावर मैत्री

आईवडील गेलेले असतात, माया त्यांच्यावरच जास्त, म्हणून त्यांनाच निवडलं जातं. याच ग्रंथात एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे. आचार्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो मैत्री भावना करत होता, पण ध्यान काही लागेना. एका थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, सांगितलं, ज्यांच्यावर करतोस त्यांची आधी चौकशी कर. चौकशी केली तर आचार्य वारलेले. जिवंत माणूस निवडल्यावर ध्यान लागलं. गेलेल्यांची आठवण जरूर काढा, पण या साधनेसाठी हयात माणूस घ्या.

माया आणि मैत्री यांची गल्लत

मुंबईतल्या चाकरमानी मुलासाठी 'सुखी होवो' म्हणताना पुढच्याच श्वासाला 'फोन का नाही केला?' आलं, तर ती आसक्ती. बुद्धघोष तिला मैत्रीचा जवळचा शत्रू म्हणतात. द्वेष हा दूरचा. द्वेष पटकन ओळखू येतो, आसक्ती मैत्रीच्याच वेषात येते. म्हणून पहिल्याच दिवसापासून लेकरं-नातवंडं नकोत.

मैत्री म्हणजे हक्क सोडणं नव्हे

मोजणी आणायची असेल तर आणा, तारखेलाही जा. फक्त त्या चुलतभावाचं वाटोळं व्हावं ही इच्छा तेवढी सोडायची आहे. (आणि हो, 'सब्बे सत्ता' म्हणजे सगळे प्राणी, त्यात काजूच्या बागेतले वानरही येतात. हाकलायला हरकत नाही.)

तरीही राग आलाच तर

जबरदस्ती करू नका. तटस्थ माणसाकडे किंवा गुरूंकडे परत या, मन निवलं की पुन्हा पुढे जा. कितीही वेळा असं करावं लागलं तरी चालेल. तेवढ्यानेही जमत नसेल तर बुद्धघोषांचा उपाय दानाचा: ज्याच्यावर राग आहे त्याला काही द्या आणि त्याच्याकडून आलेलं घ्या. वादातल्या फणसाला हात लावू नका; आपल्या मांडवावरची दोन तवशी पोराच्या हाती धाडा. उद्या त्यांच्याकडून वाटी आली तर दारातून परत पाठवू नका.