सूत्रकृमींवर काम सुरू करताय? आधी मूळ रंगवून बघा

निमॅटोलॉजीत, म्हणजे सूत्रकृमींच्या (निमॅटोडच्या) अभ्यासात, नवीन आलेले बरेचजण थेट इफेक्टर (निमॅटोड रोपात सोडतो ती प्रथिनं) आणि जीनच्या पेपरांत घुसतात. माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे मायक्रोस्कोपला द्या. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाला मेलॉइडोगायनीची, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची, पिल्लं सोडायची (दुसऱ्या अवस्थेतली, लॅबमध्ये सगळे जे-टू म्हणतात), दर दिवसाआड मुळं काढायची, अ‍ॅसिड फुक्सिनने रंगवायची. गुलाबी धाग्यासारखी पिल्लं टोकाच्या थोडं मागून आत शिरतात, पेशींच्या मधून आधी टोकाकडे जातात आणि तिथून वळून मधल्या शिरांच्या भागात वर चढतात, हे वळण प्रत्यक्ष दिसलं ना की पाठ करायची गरजच उरत नाही.

तिथे बसून निमॅटोड स्टायलेट म्हणजे तोंडातली सुई खुपसतो आणि ग्रंथींमधली प्रथिनं सोडतो. मग मोजक्या पेशींची केंद्रकं विभागत राहतात पण पेशी काही विभागत नाही, ती नुसती फुगत जाते. हीच जायंट सेल. पुढचं सगळं पोषण याच पेशींतून, आणि मादी एकदा फुगली की जागेवरून हलू शकत नाही, त्यामुळे या पेशी बनल्याच नाहीत तर तिचा खेळ संपला.

रेझिस्टन्स, म्हणजे रोपाचा प्रतिकार, नेमका इथेच काम करतो. जंगली टोमॅटोतून आलेला एमआय-१ जीन, जो 1998 मध्ये क्लोन झाला, असलेल्या रोपातही पिल्लं आत जातातच! पण डोक्याजवळच्या पेशी स्वतःहून मरतात, तपकिरी ठिपका दिसतो, पिल्लू बारीकच राहतं. म्हणून सुरुवातीला आत किती शिरली एवढंच मोजून वाण ठरवू नका. आणि ग्रोथ चेंबरचं तापमान रोज लिहून ठेवा प्लीज, कारण साधारण 28 अंशांच्या वर एमआय-१ ढिला पडतो आणि चांगला वाण उगाच बदनाम होतो.

सोयाबीनमधलं आरएचजी-१ वेगळंच प्रकरण आहे, तिथे जीनच्या किती प्रती आहेत यावर सिस्ट निमॅटोडला (मेलेली मादी अंड्यांची कडक पिशवी बनते तो सूत्रकृमी) रोप किती प्रतिकार करेल ते ठरतं, 2012 मध्ये हे कळलं. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, जमेल तेव्हा नक्की वाचा.

मोजणीत गाठींवर थांबू नका, गाठ असूनही अंडी नसू शकतात. फ्लॉक्सिन बीने अंडीपुंज लाल होतात ते मोजा, प्रति ग्रॅम मूळ अंडी काढा, आणि प्रत्येक बॅचला बळी पडणारा वाण शेजारी लावाच, त्याच्यावर अंडी आली नाहीत तर ती अख्खी बॅच बाद.