सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची
वडील गेले की सातबाऱ्याचं कुणाला सुचत नाही, पण तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. आणि प्लीज, बहिणींची नावं गाळू नका, लग्न झालेलं असलं तरी! आमच्या आत्याचं नाव असंच राहिलं, ती सातबारा हातात धरून नुसती बघत बसलेली, अजून डोळ्यासमोर आहे. हिंदू कुटुंबात वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आईचं नाव पण लागतंच. कुणाला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नंतर रजिस्टर हक्कसोडपत्र करा. तलाठ्याने फेरफार (म्हणजे हक्क बदलाची नोंद) धरला की नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.