ट्रॉम्सोला जाताय? मग आधी महिना ठरवा

नॉर्वेतलं ट्रॉम्सो आर्क्टिक सर्कलच्या पण वर आहे, त्यामुळे कधी जाताय यावर सगळं अवलंबून. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, पण दुपारी दोनेक तास जो निळसर उजेड पडतो ना तो बघाच, खरंच फार सुंदर असतो. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे, सप्टेंबर ते मार्च, फक्त आकाश मोकळं हवं, म्हणून एकच रात्र ठेवू नका, निदान चार तरी ठेवा.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) लागतो. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही आणि थंडी वाटते तेवढी भयंकर नसते, खरा त्रास रस्त्यावरच्या बर्फाचा, तिथे पोचल्यावर बुटांखाली लावायचे खिळेवाले रबरी पट्टे आधी घ्या बाकी सगळं नंतर, प्लीज.

पूल ओलांडून चालत आर्क्टिक कॅथेड्रल बघा (१९६५ सालचं), तिथून पुढे केबल कारने डोंगरावर, ४२१ मीटर उंचीवर. उन्हाळ्यात असाल तर नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्यांनी चढा, बाराशेच्या वर आहेत, सावकाश जा.