सिम्युलेटरसाठी योक निवडताना
घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी योक (विमान वळवण्यासाठी फिरवायचे आणि नाक वरखाली करण्यासाठी पुढे-मागे करायचे हँडल) घेण्याआधी आपण बहुतेक वेळ कोणते विमान उडवणार हे ठरवावे. सेसना १७२ किंवा बोइंग ७३७ साठी योक योग्य, पण एअरबस ए३२० मध्ये मुळातच साइडस्टिक (वैमानिकाच्या बाजूला असलेली छोटी दांडी) असल्यामुळे तिच्या चाहत्यांनी हा खर्च करू नये. लॉजिटेकचा योक दोन्ही बाजू मिळून ९० अंश फिरतो, तर हनीकोंबचा अल्फा १८० अंश, आणि हा वाव जितका जास्त तितक्या धावपट्टीवर उतरतानाच्या बारीक दुरुस्त्या हाताला सोप्या जातात. माझ्या मते मात्र खरी परीक्षा मध्यबिंदूची असते: योक दोन बोटांनी हलकेच पुढे-मागे करून पाहावा, आणि मधोमध तो अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर समतल उड्डाणात विमानाचे नाक सतत वरखाली होत राहील. योकची हालचाल मोजणारे पोटेन्शिओमीटर घासून झिजतात, म्हणून चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असलेला योक घेणे श्रेयस्कर. टेबलाच्या फळीची जाडी मोजून योक टेबलाला पकडून ठेवणारा क्लॅम्प बसेल याची खात्री करावी. कीबोर्डच्या सरकत्या ट्रेवर तर योक लावूच नये, कारण तो मागे ओढताच (आमच्याकडे घडले तसा) अख्खा ट्रे पोटाशी येतो.