मोबाईल "हरवला" की "चोरीला गेला"? पोलीस स्टेशनला जायच्या आधी हे वाचा

मागच्या वर्षी बसच्या गर्दीत माझा फोन गेला. वरच्या खिशात होता, उतरलो तर खिसा रिकामा. पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदारांनी शांतपणे कागद पुढे केला आणि म्हणाले "लिहा, प्रवासात कुठेतरी गहाळ झाला." मी पण घाईत होतो, लिहून दिलं, शिक्का मारून घेतला आणि एफआयआर झाली असं समजून घरी आलो. एफआयआर वगैरे काही झालेली नव्हती, माझ्या हातात होता तो नुसता गहाळ दाखला.

तर मुद्दा असा की या सगळ्यात तुम्ही कागदावर कुठला शब्द लिहिता त्यावर पुढचं सगळं ठरतं. "हरवला" म्हटलं की गुन्हाच नाही, मग तपास कसला? फक्त नोंद होते. सिमकार्ड परत काढायला ती चालते, फोन ब्लॉक करायलाही चालते, पण चोर शोधायची जबाबदारी कुणावरच येत नाही. "चोरीला गेला" म्हटलं तर भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेला नवीन कायदा) कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि कुणी हातातून ओढून पळाला असेल तर ते कलम ३०४, म्हणजे हिसकावणे, हा १ जुलै २०२४ पासून वेगळा गुन्हा झालाय. त्यामुळे बाईकवरून येऊन कुणी फोन ओढला असेल तर "चोरी" एवढंच लिहून थांबू नका, "हातातून हिसकावून नेला" असं स्पष्ट लिहा.

अर्थात खरंच कुठेतरी विसरला असेल तर उगाच चोरी सांगू नका, खोटी तक्रार अंगाशी येते. पण खिशातली, बॅगेतली वस्तू गर्दीत गायब होते तेव्हा ती आपोआप "गहाळ" होत नाही ना. चोराला बघितलं नाही म्हणून चोरी नाही असं काही नसतं, एफआयआर अनोळखी माणसाविरुद्ध होते.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, ती म्हणजे किंमत. नवीन कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरलीये, म्हणजे एफआयआर नाही, नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होणार आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून बिल सोबत न्या. बिल नसेल तर ऑनलाईन ऑर्डरची प्रिंट चालेल. तक्रारीत मॉडेल, रंग, अंदाजे किंमत, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक), कधी कुठे गेलं, लक्षात कधी आलं, हे सगळं लिहा. आयएमईआय बॉक्सवर असतो. (फोन हातात असतानाच स्टार हॅश ०६ हॅश दाबून तो १५ आकडी नंबर कुठेतरी लिहून ठेवा, आत्ताच ठेवा, नंतर बॉक्स सापडत नाही हा अनुभव आहे.)

"ही आमची हद्द नाही" हे हमखास ऐकायला मिळतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७३ मधे स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, नोंद करून ते संबंधित ठाण्याला पाठवतात. ट्रेनमधे गेला असेल तर मात्र सरळ लोहमार्ग पोलिसांकडे गेलेलं बरं, फेरा वाचतो. तक्रार ऑनलाईनही पाठवता येते पण मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, तिथेच मागून घ्या.

"आधी चौकशी करू मग बघू" म्हणाले तर? तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशीची सोय आहे खरी, पण त्याला डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षक) परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवायची असते. म्हणजे "बघू" ला पण तारीख आहे. नम्रपणे विचारा की परवानगी घेतली का. आवाज चढवून काही मिळत नाही, उलट ते अजून ताठ होतात.

तरीही घेतच नसतील तर भांडत बसू नका. तीच तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहर असेल तर डीसीपींना (पोलीस उपायुक्त). स्पीड पोस्ट करा, पावती जपा. तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी अधीक्षकांकडे गेला होतात हे दाखवावं लागतं, ती पावती तिथेच कामाला येते. एका फोनसाठी कुणी कोर्टापर्यंत जात नाही हे मलाही कळतं, पण बऱ्याचदा पोस्टाची पावती दाखवली की काम होतं.

आता उलट बाजू पण सांगतो. एफआयआर झाली आणि फोन सापडला तर तो मुद्देमाल होतो, म्हणजे खटल्यातला पुरावा, मग कोर्टात अर्ज, बॉण्ड, ऑर्डर आणि नंतर फोन हातात. गहाळ नोंदीवर सापडला तर सहसा लवकर मिळतो. म्हणून काही लोक मुद्दाम गहाळच लिहितात आणि जुना फोन असेल तर ते चुकीचं पण नाही. इन्शुरन्स असेल किंवा त्या फोनमधून पैसे गेले असतील तर मात्र एफआयआरशिवाय पर्याय नाही असंच समजा.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन. मग डुप्लिकेट सिम घ्या, त्यावर एसएमएस यायला २४ तास लागू शकतात, ओटीपी यायला लागला की संचार साथी या सरकारी वेबसाईटवर जाऊन पोलिसांच्या कागदाची कॉपी जोडून फोन ब्लॉक करा. फोन परत मिळाला तर तिथूनच अनब्लॉक होतो.